कवळाण्याचा गोपाळ आणि बडोद्याची ज्ञानाची गुंतवणूक : महाराजा सयाजीराव गायकवाड



'ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था' हा शब्द आजकाल प्रशिक्षणात आणि वर्तमानपत्रात सारखा कानावर पडतो. शब्द मोठा आहे, पण अर्थ साधा आहे. नुसती जमीन, खाण, कच्चा माल यांच्यावर न जगता माणसांच्या शिक्षणावर, कौशल्यावर, शोधबुद्धीवर देशाची कमाई उभी करणे म्हणजे ज्ञानाधिष्ठित अर्थव्यवस्था. हे फक्त श्रीमंत देशांना जमतं, असं आपल्याला वाटतं. पण सव्वाशे वर्षांपूर्वी, देश पारतंत्र्यात असताना, एका संस्थानाच्या राजाने हे काम हाती घेतलं होतं. आणि हा राजा आपल्या नाशिक जिल्ह्यातला, शेतकऱ्याच्या घरातला! आजच्या पाठात बडोद्याचे महाराजा सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांचं जीवन याच दृष्टीने पाहू या.

जन्म आणि बालपण

सयाजीरावांचा जन्म ११ मार्च १८६३ रोजी मालेगाव तालुक्यातील कवळाणे या गावी झाला. मूळ नाव गोपाळराव. वडील काशीराव हे गायकवाड घराण्याच्या दूरच्या शाखेतले, पण घर शेतकऱ्याचंच.

१८७५ मध्ये इंग्रज सरकारने बडोद्याचे राजे मल्हारराव यांना पदच्युत केलं. आधीचे राजे खंडेराव यांच्या पत्नी महाराणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली. कवळाण्याहून आनंदराव, गोपाळराव आणि संपतराव अशी तीन मुलं बडोद्याला नेली. तुम्ही इथे कशाला आलात, असं विचारल्यावर गोपाळने राज्य करायला आलो असं बेधडक उत्तर दिलं, असं सांगतात. २७ मे १८७५ रोजी त्याचं दत्तकविधान झालं आणि गोपाळचा सयाजीराव झाला.

तेव्हा वय होतं बारा वर्षं आणि लिहिणं-वाचणं जवळजवळ येतच नव्हतं. आपल्या वर्गात बारा वर्षांचं असं मूल आलं तर आपण काय म्हणतो? याचं आता काही खरं नाही! पण त्यांना एलियट यांच्यासारखे चांगले शिक्षक आणि दिवाण सर टी. माधवराव यांच्यासारखे मार्गदर्शक मिळाले. सहा वर्षांत हा मुलगा मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू शिकला, कायदा आणि राज्यकारभार शिकला. २८ डिसेंबर १८८१ रोजी राज्याचा पूर्ण कारभार त्यांच्या हाती आला. उशिरा सुरू झालेलं शिक्षणसुद्धा माणसाला कुठे नेऊ शकतं, हे त्यांनी स्वतःवरूनच पाहिलं होतं.

पहिली पायरी : अमरेलीची शाळा

बडोदा संस्थान सलग नव्हतं. बडोदा, कडी, नवसारी आणि काठियावाडातील अमरेली असे त्याचे वेगवेगळे तुकडे होते. बहुतेक प्रजा शेतीवर जगणारी, पाऊस गेला की हवालदिल होणारी. अशा ठिकाणी कोणताही राज्यकर्ता आधी कारखाने काढायचा विचार करील. सयाजीरावांनी उद्योगांकडे लक्ष दिलंच, पण पाया घातला तो प्राथमिक शाळेचा.

१८९३ मध्ये त्यांनी अमरेली तालुक्यात सक्तीचं आणि मोफत प्राथमिक शिक्षण प्रयोग म्हणून सुरू केलं. मुलगे आणि मुली दोघांसाठी, बरं का! मूल शाळेत पाठवलं नाही तर पालकांना दंड. पालकांचा विरोध झालाच. गुरं कोण राखणार, धाकट्या भावंडाला कोण सांभाळणार, पोरगी शिकून काय करणार, हे प्रश्न तेव्हाही होते. दंड गरिबांना जड जातो, ही तक्रारही खरीच होती.

इथे एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. त्यांनी एका फटक्यात सगळ्या राज्यात कायदा लावला नाही. आधी एका तालुक्यात अनुभव घेतला, अडचणी पाहिल्या, शाळा आणि शिक्षक वाढवले. मग तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, सगळ्या संस्थानात सक्तीचं शिक्षण लागू केलं. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये केंद्रीय कायदेमंडळात प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं, तेव्हा त्यांच्यासमोर बडोद्याचं उदाहरण होतं. ते विधेयक १९१२ मध्ये फेटाळलं गेलं. म्हणजे जे एका देशी संस्थानात चालू होतं, ते इंग्रजांच्या मुलखात पैशाची आणि लोकांच्या तयारीची सबब सांगून नाकारलं गेलं.

अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी तर त्यांनी राज्यकारभार हाती आल्यावर लगेच शाळा काढल्या. पण या शाळांत शिकवायला सवर्ण शिक्षक तयार होईनात. मग मुस्लिम शिक्षक नेमले. पुढे १९०८ मध्ये आर्य समाजाचे पंडित आत्माराम यांना पंजाबातून बोलावून त्यांच्याकडे हे काम दिलं. इमारत मिळते, पैसा मिळतो, पण मनापासून शिकवणारा माणूस मिळणं सर्वांत अवघड, हे तेव्हाही खरं होतं.

दुसरी पायरी : वाचनालय

शाळा सुटली की काय? चौथी-पाचवी शिकलेलं मूल शेतात गेलं, घरात पुस्तक नाही, वर्तमानपत्र नाही. चार-पाच वर्षांत शिकलेलं सगळं विसरून जातं. म्हणजे सक्तीच्या शिक्षणावर केलेला खर्च पाण्यात.

सयाजीरावांनी अमेरिकेच्या प्रवासात तिथली सार्वजनिक ग्रंथालयं पाहिली होती. १९१० मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला बोलावलं. महाराजांनी आपला खाजगी ग्रंथसंग्रह दिला आणि बडोद्यात मध्यवर्ती ग्रंथालय उभं राहिलं. ग्रंथपालांना शिकवण्यासाठी वर्ग सुरू झाला. गावोगावी मोफत वाचनालयं निघाली. त्यांच्या खर्चाचा काही भाग गावाने उचलायचा आणि बाकीचा सरकारकडून यायचा, म्हणजे गावालाही ते आपलं वाटायचं. जिथे वाचनालय नव्हतं तिथे पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जायच्या. एका गावात वाचून झाली की पेटी पुढच्या गावाला! आज आपण 'फिरतं वाचनालय' म्हणतो ते हेच.

वाचायला आपल्या भाषेत पुस्तकं तर हवीत. म्हणून मराठी आणि गुजरातीत ग्रंथमाला काढल्या. लहान मुलांसाठी वेगळी ज्ञानमाला होती. जुनी संस्कृत हस्तलिखितं शोधून १९१६ पासून 'गायकवाड ओरिएंटल सिरीज' छापायला सुरुवात झाली.

तिसरी पायरी : कलाभवन आणि उद्योग

१८९० मध्ये बडोद्यात 'कलाभवन' सुरू झालं. ही तंत्रशिक्षणाची संस्था होती. तिचे पहिले प्रमुख प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर हे रसायनशास्त्रज्ञ होते. त्या काळी युरोपातून येणाऱ्या रासायनिक रंगांनी आणि गिरणीच्या कापडाने इथल्या रंगाऱ्यांचा, विणकरांचा धंदा बसत चालला होता. गज्जर यांचा विचार असा की नवं शास्त्र कारागिरांच्या मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवलं पाहिजे. इंग्रजी येत नाही म्हणून एखाद्या रंगाऱ्याच्या मुलाला रसायनशास्त्र बंद राहू नये. म्हणून कलाभवनात देशी भाषेतून शिकवण्यावर भर दिला गेला.

भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही कलाभवनात शिक्षण घेतलं. छायाचित्रणाचं तंत्र ते तिथेच शिकले. गज्जर आणि त्यांच्या शिष्यांनी १९०७ मध्ये 'अलेंबिक' ही रसायनांची कंपनी काढली, तिचा कारखाना बडोद्यात उभा राहिला. आज बडोद्याभोवती औषधं आणि रसायनांचा मोठा उद्योग दिसतो, त्याचं एक मूळ इथे आहे.

कौशल्य आलं, पण धंद्याला भांडवल कुठून आणायचं? त्यासाठी २० जुलै १९०८ रोजी 'बँक ऑफ बडोदा' स्थापन झाली, दहा लाख रुपयांच्या भांडवलावर. आज आपल्यापैकी कितीतरी जणांचं खातं या बँकेत असेल, पण तिच्यामागे कवळाण्याचा गोपाळ आहे हे मुलांना माहीत नसतं.

आता ही साखळी बघा : शाळा, शिक्षक, वाचनालय, तंत्रशिक्षण, बँक, कारखाना. एक कडी दुसरीला धरून आहे. मधली एक जरी काढली तरी साखळी तुटते.

साखळी कुठे तुटली?

पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय ही गोष्ट पूर्ण होत नाही.

सयाजीरावांनी अनेक हुशार मुलांना शिष्यवृत्त्या दिल्या. त्यात एक होते भीमराव आंबेडकर. बी. ए. साठी त्यांना महिना पंचवीस रुपये मिळत होते. १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. विषय अर्थशास्त्र. अट अशी होती की परत आल्यावर दहा वर्षं बडोद्यात नोकरी करायची.

१९१७ मध्ये आंबेडकर बडोद्याला रुजू झाले. जगातल्या नामवंत विद्यापीठात शिकलेला अर्थतज्ज्ञ! पण शहरात त्यांना राहायला खोली कोणी देईना. पारशी नाव सांगून ते एका पारशी विश्रामगृहात राहिले. खरी जात कळल्यावर लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने त्यांना तिथून जायला लावलं. कचेरीतही शिपाई विटाळ होऊ नये म्हणून कागद लांबून टाकत. काही दिवसांतच त्यांना नोकरी सोडून मुंबईला परतावं लागलं.

राजाने पैसा दिला, संधी दिली, नोकरी दिली. पण शेजाऱ्यांच्या मनात जागा करणं हुकुमाने जमलं नाही. बडोद्याचं केवढं नुकसान झालं पाहा! रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा, चलनविषयक शाही आयोगापुढे साक्ष देणारा हा माणूस पुढे देशाला मिळाला, पण ज्या राज्याने त्याच्यावर खर्च केला त्याला त्याचा उपयोग करून घेता आला नाही. ज्ञान तयार करणं ही एक गोष्ट आणि ते ज्ञान ज्याच्याकडे आहे त्याला माणूस म्हणून जागा देणं ही दुसरी. दुसरी नसेल तर पहिलीवरचा खर्च वाया जातो.

राजाच्या मर्यादा

सयाजीराव शेवटी राजेच होते. लक्ष्मी विलास राजवाडाही त्यांच्याच काळात झाला. ते वर्षातले बरेच महिने परदेशात असत, त्यावर टीकाही होई. सत्ता शेवटपर्यंत त्यांच्याच हाती राहिली. पण त्याच हातांनी त्यांनी १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला, हेही मुलांना सांगायला हवं. लग्न लागलं की मुलीची शाळा सुटते, हे आपण आजही पाहतो.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. दहा वर्षांनी, १९४९ मध्ये, बडोद्यात त्यांच्या नावाचं विद्यापीठ उभं राहिलं आणि कलाभवन त्याचाच भाग झालं.

आपल्यासाठी काय?

दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची मुलं हजेरीपटावर असतात, वर्गात नसतात. त्यांच्यासाठी दारोदार फिरताना हे काम अर्थव्यवस्थेशी जोडलेलं आहे असं कोणाला वाटत नाही. पण अमरेलीत १८९३ ला जे सुरू झालं ते हेच काम होतं. बारा वर्षांचं, अक्षरओळख नसलेलं मूल दारात उभं असेल तर त्याला परत पाठवू नका.

वर्गात घेण्यासाठी :

१. नकाशात कवळाणे (मालेगाव), बडोदा, अमरेली आणि नवसारी शोधा.
२. शाळा सुटल्यावर शिकलेलं विसरू नये म्हणून आपल्या गावात काय करता येईल? मुलांना गटात चर्चा करू द्या.
३. पुस्तकांची एक पेटी तयार करा. ती दर आठवड्याला एका वस्तीवर पाठवा. पालकांनी जबाबदारी घेतली तर उत्तम.
४. आंबेडकरांना बडोद्यात खोली का मिळाली नाही? आज आपल्या गावात नवीन आलेल्या माणसाला खोली देताना आपण काय विचारतो? हा प्रश्न मुलांनी घरी जाऊन विचारायचा.

चौथा प्रश्न जरा अवघड आहे, पण टाळू नका.