वाटीतलं बदक आणि कमलाबाई

सुकापूरला मी ज्या काकूंकडे पेइंग गेस्ट राहते, त्यांची नात आठ महिन्यांची आहे. काकूंनी तिच्यासाठी बाजारातून प्लॅस्टिकची वाटी आणली. आतल्या बाजूला पिवळ्या बदकाचं छापील चित्र. रोज त्यात गरमागरम नाचणीचं सत्त्व. महिनाभरात बदकाची चोच गेली, मग एक पंख गेला. तू केमिकल इंजिनिअरिंग शिकतेस ना, मग सांग बघू हे बदक गेलं कुठे, असं काकूंनी मला विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली!

उत्तर शोधताना मुंबईच्या ग्राहक चळवळीबद्दल वाचत गेले आणि एक नाव भेटलं : डॉ. कमला सोहोनी. माझी शाळा कॉन्व्हेंटची. मेरी क्युरी तोंडपाठ, पण दुर्गाबाई भागवतांची धाकटी बहीण एवढी मोठी शास्त्रज्ञ होती हे मला विसाव्या वर्षी कळलं. म्हणून हा लेख. मराठीतल्या चुका पोटात घाला.

कमला भागवत यांचा जन्म 1911 चा, इंदूरचा. वडील आणि काका दोघेही बंगलोरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले केमिस्ट. 1933 साली मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. झाल्यावर कमलाबाईंनीही तिथेच अर्ज केला. संचालक होते सर सी. व्ही. रामन. मुलगी म्हणून त्यांनी चक्क नकार दिला! कमलाबाई मागे हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला, पण अटींवर. पहिलं वर्ष नियमित विद्यार्थिनी नाही, गाइड सांगतील तर रात्रीही काम करायचं, आणि लॅबचं वातावरण बिघडवायचं नाही. आमच्या वर्गात आज निम्म्या मुली आहेत. व्हायव्हाला आम्हाला घाम फुटतो, पण इथे असण्याबद्दल कोणी जाब विचारत नाही. त्यांची मात्र वर्षभर रोजच परीक्षा होती. वर्षाने रामन यांचं मत बदललं, आणि पुढे मुलींसाठीही ते दार उघडलं.

दूध आणि डाळींमधल्या प्रथिनांवर काम करून 1936 साली त्या एम.एस्सी. झाल्या. मग केंब्रिज. तिथे बटाट्यावर काम करताना वनस्पतींच्या पेशींत ‘सायटोक्रोम सी’ असतं हे त्यांनी दाखवलं. 1939 साली पीएच.डी. मिळाली. प्रबंध किती पानांचा? फक्त चाळीस! (आमचे प्रोजेक्ट रिपोर्ट याच्या दुप्पट असतात, आणि त्यात निम्मं इंडेक्स.)

परदेशात राहणं सोपं होतं, पण त्या परत आल्या. दिल्ली, कुन्नूर आणि 1947 मध्ये लग्नानंतर मुंबईचं इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. आपण पनवेलहून लोकलने सीएसएमटीला उतरलो की तिथून ते फार लांब नाही. राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या सुचवण्यावरून त्यांनी नीरेचा अभ्यास केला. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना तिचा फायदा होतो हे त्यांनी दाखवलं आणि राष्ट्रपतींचा पुरस्कार मिळवला. तरीही संचालकपद त्यांना चार वर्षं उशिराच मिळालं.

मला सगळ्यात भावला तो त्यांचा पुढचा काळ. 1966 साली मुंबईत नऊ स्त्रियांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटी सुरू केली. कमलाबाई तिच्या कामात उतरल्या, 1982-83 साली अध्यक्षा झाल्या आणि संस्थेच्या ‘कीमत’ मासिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत राहिल्या. केंब्रिजची डॉक्टर साध्या गृहिणीसाठी लिहीत होती! 1998 साली एका सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच गेल्या.

त्यांचं संशोधन प्लॅस्टिकवर नव्हतं. पण पोटात काय जातं ते तपासून मगच बोलायचं, ही सवय त्यांचीच. बदकाचं कोडंही तसंच सुटतं. आयएस 9845 या भारतीय मानकानुसार प्लॅस्टिकचा नमुना अन्नाऐवजी ठराविक द्रवांत ठेवतात. आंबट पदार्थासाठी 3 टक्के ॲसेटिक ॲसिड, तेलकटासाठी हेप्टेन. ठरलेलं तापमान, ठरलेला वेळ. मग द्रव उडवून खाली उरलेलं वजन करायचं. मर्यादा लिटरला 60 मिलिग्रॅम, आणि द्रवात रंग दिसता कामा नये. शिसं, बिस्फेनॉल-ए यांची तपासणी वेगळी. बाळाच्या दूधबाटलीत तर बिस्फेनॉल-ए नसावं असं 2015 चं मानकच आहे.

काकूंची वाटी विषारी होती असं मी म्हणत नाही. ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही, हाच तर मुद्दा आहे. पण गरम, आंबट, तेलकट पदार्थाने प्लॅस्टिकमधलं जास्त सुटतं आणि बाळाचं वजन असतं जेमतेम सात-आठ किलो, एवढं मी आता खात्रीने सांगू शकते. बदक गेलं कुठे? काही घासणीला लागलं असेल, काही सत्त्वात गेलं असेल. सध्या नात स्टीलच्या वाटीत जेवते आणि ती वाटी वाजवून घर डोक्यावर घेते.

मित्रमैत्रिणींनो, उद्या आपल्यातलेच काही जण अशा वाट्या बनवणाऱ्या कारखान्यात नोकरीला लागतील. टेस्ट रिपोर्टवर सही करताना कोणाच्या तरी घरची आठ महिन्यांची नात आठवली, तरी पुरे!