लोकसभेची घडी बसविणारे दादासाहेब

जानेवारी १९४६. दिल्लीच्या मध्यवर्ती कायदेमंडळाचा अध्यक्ष निवडायचा होता. ब्रिटिश सरकारचे वजन सर कावसजी जहांगीर यांच्या पारड्यात होते. तरीही काँग्रेसचे उमेदवार गणेश वासुदेव मावळणकर ६६ विरुद्ध ६३ मतांनी विजयी झाले. अवघ्या तीन मतांचा फरक! याच अध्यक्षाने पुढे स्वतंत्र भारताच्या लोकसभेची घडी बसविली.

मावळणकरांचे घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील संगमेश्वर तालुक्यातल्या मावळंगे गावचे. जन्म बडोद्याचा, २७ नोव्हेंबर १८८८ चा. शिक्षण व वकिली अहमदाबादेत. गांधीजींच्या चळवळीत ते ओढले गेले, तुरुंगात गेले, अहमदाबाद नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. १९३७ मध्ये मुंबई विधानसभेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि 'दादासाहेब' या नावाभोवती सभागृहाचे वलय निर्माण झाले.

१५ ऑगस्ट १९४७ ला मध्यवर्ती कायदेमंडळ संपुष्टात आले. घटना लिहिणे आणि कायदे करणे ही दोन्ही कामे घटना समितीकडे आली. ती वेगळी कशी करावीत, हे ठरविणाऱ्या समितीचे प्रमुख मावळणकरच होते. त्यानंतर घटनेच्या कामासाठी डॉ. राजेंद्रप्रसाद आणि कायद्याच्या कामासाठी, १७ नोव्हेंबर १९४७ पासून, मावळणकर अध्यक्षस्थानी बसू लागले.

पहिल्या लोकसभेत, मे १९५२ मध्ये, त्यांच्याविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे राहिले. मावळणकरांना ३९४ मते पडली, मोरे यांना ५५. सत्ताधारी पक्ष एवढा प्रचंड असताना सदनाने सरकारवर अंकुश ठेवायचा कसा, हा खरा प्रश्न होता. मावळणकरांचे उत्तर समित्यांच्या रूपाने आले. मंत्री सभागृहात आश्वासन देतात आणि विसरतात. त्याचा पाठपुरावा करणारी आश्वासन समिती १९५३ मध्ये स्थापन झाली. कायद्याच्या आधारे सरकारी खाती जे नियम करतात ते तपासणारी समितीही त्याच वर्षीची. प्रश्नोत्तराच्या तासालाही त्यांच्याच काळात आजचे वजन आले.

विरोधी पक्ष म्हणून मान्यतेसाठी सदनाच्या एकदशांश, म्हणजे गणपूर्तीइतके, सदस्य हवेत, हा दंडकही त्यांचाच. २०१४ मध्ये ४४ सदस्यांच्या काँग्रेसला विरोधी पक्षनेतेपद नाकारताना हाच आधार घेतला गेला. तो निर्णय देणाऱ्या सुमित्रा महाजन यांचा जन्म चिपळूणचा, म्हणजे संगमेश्वरच्या शेजारच्याच तालुक्यातला, हा एक योगायोग.

पंतप्रधानांशी त्यांचा मतभेद झाला तो अध्यादेशांवरून. अधिवेशन संपले की अध्यादेश काढण्याचा प्रघात लोकशाहीला घातक आहे आणि वेळ अपुरा पडतो हे त्याचे कारण होऊ शकत नाही, असे त्यांनी १९५० मध्ये नेहरूंना लिहिले. संसदेचे कामकाज संथ असल्याने कायदे रखडतात, अशा आशयाचे उत्तर आले. १९५४ मध्ये मावळणकरांनी पुन्हा लेखणी उचलली. अध्यादेश थांबले नाहीत. मात्र अध्यादेशाच्या जागी विधेयक आणताना तातडीची कारणे सदनापुढे मांडण्याची अट लोकसभेच्या नियमांत आहे.

विरोधकांची तक्रार वेगळीच होती. दिवसाचे कामकाज बाजूला ठेवून तातडीच्या विषयावर चर्चा मागणारे स्थगन प्रस्ताव मावळणकर सर्रास फेटाळत. परकीय राजवटीत ते हत्यार योग्य होते, आता जबाबदार सरकारला जाब विचारण्याचे अन्य मार्ग आहेत, ही त्यांची भूमिका. ती तर्कशुद्ध खरी. पण मूठभर विरोधकांच्या हातचे हत्यार तिने बोथट झाले, हेही नाकारता येत नाही. शिवाय अध्यक्ष झाल्यावरही त्यांनी काँग्रेसचे सदस्यत्व सोडले नव्हते. १८ डिसेंबर १९५४ रोजी त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव लोकसभेपुढे आला. घटनेनुसार अशा वेळी अध्यक्षाला पीठासीन होता येत नाही. ठराव फेटाळला गेला.

जानेवारी १९५६ मध्ये त्यांना हृदयविकाराचा झटका आला आणि २७ फेब्रुवारीला अहमदाबादेत त्यांचे निधन झाले. त्यांच्या रिक्त जागेवर पत्नी सुशीलाबाई निवडून आल्या. चिरंजीव पुरुषोत्तम मावळणकर १९७२ च्या पोटनिवडणुकीत अपक्ष म्हणून लोकसभेत आले आणि विरोधी बाकांवर बसले.