डॉ. कमल रणदिवे : कर्करोगाच्या मुळाशी

थोरांच्या ओळखीत या वेळी आम्ही डॉ. कमल रणदिवे यांचे नाव निवडले आहे. आपल्या दुर्गदबैल भागातील मराठी घरांत कोणाला कर्करोग झाला की मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे नाव निघतेच. तिथल्याच परळच्या प्रयोगशाळेत कमलताईंनी उमेदीची वर्षे घालवली, तीही रुग्ण तपासण्यात नव्हे, तर हा रोग मुळात होतो कशाने, हे शोधण्यात.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्याला झाला. माहेरचे आडनाव समर्थ. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. शिक्षण हुजूरपागेत आणि पुढे फर्ग्युसनमध्येच. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. मुलीने दोन्ही केले नाही. १९३९ साली गणिताचे अभ्यासक जयसिंग रणदिवे यांच्याशी विवाह झाला. त्या काळी बहुतेक मुलींचे शिक्षण इथेच संपे. कमलताईंचे खरे शिक्षण मात्र यानंतर सुरू झाले, आणि पतीचे त्यांना पाठबळ होते. एम.एस्सी.साठी त्यांनी सीताफळ-रामफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींमधील गुणसूत्रे अभ्यासली. हंगामात आपल्या बाजारात सीताफळाच्या टोपल्या येतात, तेच हे फळ!

लग्नानंतर मुंबईस आल्यावर त्या टाटा स्मारक रुग्णालयात काम करू लागल्या. तिथे डॉ. वसंतराव खानोलकर हे विकृतिशास्त्राचे मोठे जाणकार होते. तंबाखू चघळणे आणि तोंडाचा कर्करोग यांचा संबंध तपासणाऱ्या आपल्याकडच्या पहिल्या संशोधकांपैकी ते एक. (हे वाक्य पालकांनी दोनदा वाचले तरी आमची हरकत नाही.) त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली पीएच.डी. मिळवली.

त्यांचा विषय होता स्तनाचा कर्करोग, आणि अभ्यासासाठी प्राणी होते उंदीर. उंदरांच्या काही वाणांत हा रोग आईकडून पिलांकडे सर्रास येतो, तर काहींत क्वचितच. मग हा नुसता वंशाचा दोष म्हणायचा का? अमेरिकेत बिटनर नावाच्या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवून दिले होते की अशा आईची पिले जन्मताच दुसऱ्या, निरोगी वाणाच्या उंदरीच्या दुधावर वाढवली, तर रोगाचे प्रमाण पुष्कळ घटते. म्हणजे वंशाबरोबर दुधातूनही काही तरी येत होते. तो एक विषाणू निघाला. कमलताईंनी निरनिराळ्या वाणांच्या स्तनग्रंथींची तुलना केली आणि वंश, शरीरातील संप्रेरके व हा विषाणू यांचे एकमेकांशी नाते काय, याचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला.

हा प्रश्न उंदरांपुरता नाही, म्हणून आम्ही इथे थोडे रेंगाळलो. आईला हा आजार झाला की मुलीच्या लग्नाच्या बोलण्यात त्याची कुजबूज होते. माणसांत स्तनाचा कर्करोग दुधातून येतो असे आढळलेले नाही. वंशाशी थेट निगडित असलेली बीआरसीए ही दोन जनुके १९९४ आणि १९९५ साली ओळखता आली, आणि आजच्या माहितीनुसार शंभरातील साधारण पाच ते दहा रुग्णांतच हा रोग असा वारशाने आलेला असतो. ज्या घरात तो अनेकींना झाला असेल, तिथे डॉक्टरांचा सल्ला अवश्य घ्यावा. पण कुजबुजीला आधार नाही.

पीएच.डी.नंतर त्या अमेरिकेत बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे गेल्या. पेशी शरीराबाहेर, काचेच्या भांड्यात जिवंत ठेवून वाढवण्यात गे यांचा हातखंडा होता. 'हीला' या नावाने जगभर गेलेल्या पेशी १९५१ साली त्यांच्याच प्रयोगशाळेत वाढल्या. औषध रुग्णाला देण्याआधी ते पेशींवर पारखता येते, ते याच विद्येमुळे. कमलताई ती शिकून परत आल्या आणि परळच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी अशी प्रयोगशाळा उभी केली. १९६६ ते १९७० या काळात केंद्राच्या संचालकपदाची धुराही त्यांनी वाहिली. कुष्ठरोगाच्या जंतूवरही त्यांनी काम केले. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले.

निवृत्तीनंतर त्या अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले तालुक्यात राजूरकडे वळल्या. तिथल्या आदिवासी मुलांच्या पोषणाचा अभ्यास त्यांनी केला आणि गावच्या बायकांना आरोग्याचे प्राथमिक शिक्षण दिले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

एक गोष्ट आमच्या दहावीच्या मुलींसाठी. १९७३ साली कमलताईंनी आपल्या काही सहकारी स्त्रियांसह भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. नवी मुंबईत वाशीला या संघटनेने नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि पाळणाघर उभारले.