शाळेचा विनावेतन कारभारी : संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल

देवळाच्या ज्युबिलीचा दिवस हा उपकारस्मरणाचा दिवस होय. ज्यांनी पाया घातला ते विगार, ज्यांनी घंटा दिली ते दाते, ज्यांनी मुलांना पहिली अक्षरओळख करून दिली ते मास्तर, ह्या सर्वांची नावे आपण अशा दिवशी आदराने घेतो. परंतु देवळाच्या सावलीत उभ्या असलेल्या प्राथमिक शाळेमागे आणखीही काही माणसे असतात. ती वर्गात शिकवीत नाहीत आणि वेतनही घेत नाहीत. आपला कामधंदा सांभाळून ती शाळेचा जमाखर्च तपासतात, गळक्या छपराची काळजी वाहतात, कचेरीत अर्ज घेऊन खेटे घालतात आणि मास्तरांचा पगार वेळेवर झाला की नाही हे पाहतात. त्यांस कोणी कमिटीचे सभासद म्हणतात, कोणी पंच म्हणतात. बहुतेक लोक काहीच म्हणत नाहीत.

अशा माणसांपुढे कोणाचे चरित्र ठेवावे असा विचार करिता आम्हांस संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल ह्यांची आठवण होते. जग त्यांस शिक्षकांचे आश्रयदाते संत म्हणून ओळखते, व ते योग्यच आहे. तथापि शिक्षकांचे गुरू होण्यापूर्वी काही वर्षे ते शाळांचे केवळ एक बाहेरचे हितचिंतक व विनावेतन कारभारी होते. त्या वर्षांत त्यांच्या वाट्यास काय आले, त्याचीच हकीकत आम्ही येथे विशेषेकरून सांगणार आहोत.

त्यांचा जन्म फ्रान्स देशातील रीम्स शहरी, ता. 30 एप्रिल 1651 रोजी झाला. फ्रान्सचे राजे ज्या कॅथेड्रलात राज्याभिषेक करून घेत, ते ह्याच शहरातले. वडील न्यायाधिकारी होते. घराणे सधन व प्रतिष्ठित होते. जॉन बाप्टिस्ट हे वडील पुत्र. वयाच्या सोळाव्या वर्षी, म्हणजे 1667 साली, ते त्याच कॅथेड्रलाचे कॅनन झाले. ह्या पदास मान होता, नियमित उत्पन्न होते, आणि पुढे मोठ्या अधिकारपदाची आशाही होती. 1670 साली ते धर्मगुरुपदाच्या अभ्यासाकरिता पॅरिस येथील सँ-स्युल्पिस सेमिनरीत दाखल झाले. परंतु पुढील वर्षी मातोश्री निवर्तल्या आणि 1672 च्या एप्रिल महिन्यात वडीलही गेले. एकवीस वर्षांच्या ह्या तरुणास अभ्यास अर्धवट टाकून घरी परतावे लागले, आणि धाकट्या भावंडांचे पालकत्व व घरची मालमत्ता सांभाळावी लागली. हिशेब ठेवणे, करारमदार वाचणे, दुसऱ्याची ठेव आपली म्हणून न वापरता जपणे, हे शिक्षण त्यांस सेमिनरीत नव्हे, तर ह्या घरगुती संकटात मिळाले. पुढे ते फार उपयोगी पडले.

ता. 9 एप्रिल 1678 रोजी त्यांस गुरुदीक्षा मिळाली. त्यानंतर अवघ्या अठरा दिवसांनी त्यांचे आध्यात्मिक मार्गदर्शक, कॅनन निकोला रोलाँ, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी मरण पावले. रोलाँ ह्यांनी गरीब मुलींच्या शिक्षणाकरिता बाळ येशूच्या भगिनींचा संघ स्थापिला होता. परंतु त्या संघास राजाची सनद नव्हती. आणि सनद नसली तर संस्थापकाच्या मागे घर, निधी व शाळा ही सर्व कोणत्याही दिवशी विस्कटून जाण्याचे भय होते. मृत्युपत्राच्या अंमलबजावणीचे काम रोलाँ ह्यांनी दे ला साल ह्यांजवर सोपविले होते. तेव्हा ह्या नवदीक्षित धर्मगुरूने शहराच्या अधिकाऱ्यांची संमती मिळविली, आर्चबिशप ल तेलिए ह्यांचे साहाय्य घेतले, आणि 1679 च्या फेब्रुवारीत चौदाव्या लुई राजाची सनद भगिनींच्या हाती ठेविली. ह्या कामात प्रवचन नव्हते की मिरवणूक नव्हती. होते ते कागद, मोहरा, खेटे आणि धीर. रीम्समधील त्या मुलींच्या शाळा तगल्या त्या ह्यामुळे. आपले काम झाले, आता आपण आपल्या कॅननपदाकडे परतावे, असेच त्यांस वाटले असल्यास नवल नाही.

परंतु त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात ह्याच भगिनींच्या दाराशी त्यांची गाठ आद्रियाँ न्येल नावाच्या एका प्रौढ गृहस्थाशी पडली. न्येल हे रुआँ शहरातून आले होते. तेथील श्रीमती मायफेर ह्या धनिक बाई दे ला साल ह्यांच्या नात्यातल्या होत्या. आपल्या जन्मगावी, म्हणजे रीम्सला, गरीब मुलग्यांकरिता मोफत शाळा निघावी अशी त्यांची इच्छा होती, व तेवढ्याकरिता त्यांनी न्येल ह्यांस पाठविले होते. काम वाटते तितके सोपे नव्हते. फी घेऊन शिकविणारे मास्तर अशा शाळेस विरोध करणार, शहराचे अधिकारी खर्चाचा बोजा आपल्यावर पडेल म्हणून कुरकुरणार, हे दे ला साल पूर्वीच्या अनुभवावरून जाणत होते. म्हणून त्यांनी अशी युक्ती सुचविली की, शाळा एखाद्या विगाराच्या आश्रयाखाली उघडावी. कारण आपल्या पॅरिशमधील गरिबांच्या मुलांस शिकविण्याचा विगाराचा हक्क सहसा कोणी नाकारणार नाही. सेंट मॉरिस पॅरिशचे विगार दोरिन्यी ह्यांच्या मनातही असाच विचार घोळत होता. अशा रीतीने ता. 15 एप्रिल 1679 रोजी पहिली शाळा सुरू झाली. त्याच साली श्रीमती क्रोयेर ह्या विधवा बाईंच्या देणगीमुळे सेंट जेम्सच्या पॅरिशमध्ये दुसरी शाळा निघाली.

येथे वाचकांनी एक गोष्ट ध्यानी घ्यावी. ही शाळा एका माणसाने उभारिली नाही. पैसा बाईंचा, छत्र विगाराचे, शिकविणे मास्तरांचे, आणि सल्ला ह्या तरुण कॅननाचा. पॅरिशची शाळा अशीच चालते; चार हातांपैकी एक ढिला पडला की ती एका बाजूस कलते.

येथेही एक हात ढिला पडला. न्येल ह्यांचा उत्साह दांडगा होता, परंतु त्यांचा जीव नवीन शाळा काढण्यात रमे, जुनी चालविण्यात रमत नसे. ते आज ह्या गावी, तर उद्या त्या गावी. मागे राहिलेले मास्तर अल्पशिक्षित, तुटपुंज्या वेतनावर राबणारे, आणि देखरेखीवाचून गोंधळलेले होते. वर्गात शिस्त राहीना. हे पाहून 1679 च्या नाताळाच्या सुमारास दे ला साल ह्यांनी त्यांच्याकरिता आपल्या घराजवळ एक घर भाड्याने घेतले व त्यांच्या जेवणाची सोय आपल्या घरून केली. एवढ्याने भागेना, म्हणून 1681 च्या पवित्र आठवड्यात त्यांस आपल्या पंक्तीस बोलाविले. आणि त्याच वर्षी ता. 24 जून रोजी, संत योहान बाप्तिस्त्याच्या सणाच्या दिवशी, त्यांस आपल्या वाड्यात राहावयास आणिले.

हे त्यांस सहज जमले असे कोणी समजू नये. पुढे त्यांनीच मोकळेपणाने लिहून ठेविले आहे की, आरंभी ते ह्या मास्तरांस आपल्या घरच्या चाकराहूनही खालचे लेखीत; त्यांच्यासह एका घरी राहावे लागेल हे आधी कळले असते, तर त्यांनी ह्या कामास हातच लाविला नसता. देवाने त्यांस पायरीपायरीने नेले. नातलगांस मात्र ही एकही पायरी रुचली नाही. गावंढळ मास्तरांस पंक्तीस बसवून घराण्याची अब्रू घालविली, असे म्हणून त्यांनी धाकट्या भावांपैकी काहींस त्या घरातून काढून दुसरीकडे ठेविले. इकडे कडक दिनचर्येस कंटाळून पहिल्या मास्तरांपैकी बहुतेक थोड्याच महिन्यांत निघून गेले. भाऊ गेले आणि ज्यांच्याकरिता गेले तेही गेले! दुसरा कोणी असता तर त्याने तेथेच हात जोडले असते. दे ला साल ह्यांनी नवे मास्तर जमविले आणि 1682 साली वडिलार्जित वाडा सोडून त्यांच्यासह दुसऱ्या साध्या घरी बिऱ्हाड केले.

आता आम्ही ह्या चरित्राच्या मर्मस्थानी येऊन पोहोचलो. नव्या मास्तरांच्या मनात एक चिंता होती. उद्या शाळा बंद पडल्या तर आपले काय होणार? म्हातारपणी कोण पोसणार? दे ला साल ह्यांनी त्यांस दैवी कृपेवर भरवसा ठेवण्याचा उपदेश केला. तेव्हा मास्तरांनी त्यांस स्पष्टच सुनावले की, तुम्हांस असे बोलणे सोपे आहे. तुमच्यापाशी कॅननपदाचे उत्पन्न आहे, वडिलांची मालमत्ता आहे. शाळा बुडाली तरी तुम्ही बुडणार नाही, आम्ही मात्र रस्त्यावर येऊ.

ह्या बोलण्यास उद्धटपणा म्हणून झिडकारता आले असते. किती कमिट्यांनी मास्तरांची अशी गाऱ्हाणी उपकारांची आठवण देऊन गप्प केली असतील! परंतु दे ला साल ह्यांस त्यात सत्य दिसले, आणि त्या सत्याने त्यांची झोप उडविली. आपली संपत्ती शाळांच्या नावे करावी काय, असा प्रश्न त्यांनी पॅरिसचे साधुतुल्य धर्मगुरू निकोला बारे ह्यांस विचारिला. बारे ह्यांनी सल्ला दिला की शाळांचा पाया निधीवर नव्हे, तर देवाच्या कृपेवर असावा. तेव्हा 1683 च्या ऑगस्ट महिन्यात दे ला साल ह्यांनी कॅननपद सोडले. आणि तेही स्वतःच्या भावास न देता एका गरीब धर्मगुरूस दिले. पुढे 1684-85 च्या हिवाळ्यात भयंकर दुष्काळ पडला, त्यात त्यांनी आपली मालमत्ता भाकरीच्या रूपाने गोरगरिबांस वाटून टाकिली. आता मास्तर आणि त्यांचा कारभारी एकाच होडीत बसले होते.

निधीवाचून शाळा चालवावी असा धडा आम्ही ह्यातून काढीत नाही. प्रत्येक कमिटीने शिल्लक राखावी, हेच शहाणपण होय. परंतु ज्यांच्या पोटापाण्याचा निर्णय आपण करितो त्यांच्या जागी बसून पाहिल्यावाचून तो निर्णय करू नये, हा धडा मात्र सर्वकाळ खरा आहे.

ह्यानंतरची हकीकत थोडक्यात सांगतो. मास्तरांनी स्वतःस बंधू म्हणवून घेतले, साधा वेष धारण केला, आणि ख्रिस्ती शाळांच्या बंधूंचा संघ उदयास आला. ह्या संघाच्या शाळांत मुले प्रथम लॅटिन नव्हे तर आपली फ्रेंच भाषा वाचावयास शिकत. एकेका मुलास जवळ बोलावून शिकविण्याऐवजी वर्गच्या वर्ग एकत्र शिके. शिक्षणाच्या ह्या रीती बंधूंच्या अनुभवावरून लिहून काढण्यात आल्या व तो ग्रंथ 1720 साली छापून निघाला. खेड्यांतील मास्तरांस तयार करण्याकरिता दे ला साल ह्यांनी निराळी शिक्षणसंस्थाही काढिली.

संकटांस मात्र खळ नव्हता. 1688 साली बंधू पॅरिसला गेल्यावर तेथील फी घेणाऱ्या लेखनशिक्षकांनी त्यांजवर पुनःपुन्हा फिर्यादी केल्या. 1702 साली काही बंधूंच्या कडकपणाबद्दल तक्रारी गेल्या, व आर्चबिशपांनी दे ला साल ह्यांच्या जागी दुसऱ्यास नेमू पाहिले. 1712 साली तर क्लेमाँ नावाच्या एका अज्ञान वयाच्या तरुणाशी शिक्षणसंस्थेकरिता केलेल्या पैशाच्या व्यवहारावरून त्यांच्याविरुद्ध निकाल झाला. हेतू शुद्ध असला तरी कागद नीट पाहिला पाहिजे, हे ह्या दुःखद प्रकरणावरून कळते. खिन्न होऊन ते दक्षिण फ्रान्समध्ये दूर राहिले. तेव्हा 1714 च्या एप्रिलात पॅरिसच्या बंधूंनी पत्र पाठवून, आज्ञापालनाच्या व्रतास स्मरून परत या, असा त्यांस हुकूम केला. संस्थापकास त्याच्याच अनुयायांनी हुकूम करावा आणि त्याने तो मुकाट्याने पाळावा, हे दृश्य विरळाच!

त्यांची एक इच्छा फार जुनी होती : आपल्यावाचून हे काम चालावे. 1686 साली त्यांनी बंधू आँरी ह्यांस प्रमुख निवडविले होते. परंतु धर्मगुरूने बंधूच्या आज्ञेत राहणे वरिष्ठांस प्रशस्त वाटले नाही व त्यांस पुन्हा ते पद घ्यावे लागले. अखेर 1717 साली बंधू बार्थेलेमी प्रमुख झाले. त्यानंतर दे ला साल रुआँजवळील सँ-यों येथे एका सामान्य बंधूप्रमाणे राहिले, लहानसहान गोष्टीतही परवानगी मागू लागले. कित्येक सज्जन शाळेची खुर्ची धरण्यात जितकी निष्ठा दाखवितात, तितकी ह्यांनी ती सोडण्यात दाखविली.

ता. 7 एप्रिल 1719 रोजी, शुभ शुक्रवारी, त्यांनी सँ-यों येथे देह ठेविला. चाळीस वर्षांपूर्वी दुसऱ्याच्या संघाकरिता त्यांनी राजाची सनद मिळविली होती. स्वतःच्या संघाची सनद मात्र त्यांस डोळ्यांनी पाहावयास मिळाली नाही. ती 1724 साली आली, व पोप तेरावे बेनेडिक्ट ह्यांची मान्यता 1725 साली मिळाली. 1900 साली पोप तेरावे लिओ ह्यांनी त्यांस संतपद दिले आणि 1950 साली पोप बारावे पायस ह्यांनी त्यांस सर्व शिक्षकांचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले.

वाचकहो, आपल्या शाळेच्या कमिटीवर बसणाऱ्या बंधुभगिनींस कोणी वाडा सोडावयास सांगत नाही. परंतु शाळेतील एखादे मास्तर अगर बाई सभेत उठून कटू वाटेल असे काही बोलतील, तेव्हा रीम्सच्या त्या कॅननाची आठवण व्हावी. त्यांनी त्या दिवशी उत्तर देण्याची घाई केली नाही. आधी ऐकून घेतले, आणि मग स्वतःस बदलले. लाखो मुलांच्या हाती पुढे जी पाटी आली, ती त्या ऐकून घेण्याचेच फळ होय.

संत जॉन बाप्टिस्ट दे ला साल, आमच्या शाळेकरिता, तेथे शिकविणाऱ्यांकरिता आणि तिची काळजी वाहणाऱ्यांकरिता देवापाशी विनंती करा.