जॉन वेस्ली : वादळांत लाभलेली शांति

इंग्लंडांतील एप्वर्थ या लहानशा गांवीं, धर्मोपदेशक सॅम्युएल वेस्ली व त्यांची पत्नी सुझॅना यांच्या पोटीं, जॉन वेस्ली यांचा जन्म १७०३ सालीं झाला. जॉन पांच वर्षांचे असतां एके रात्रीं त्यांच्या घरास आग लागली. बाकीचीं मुलें बाहेर पडलीं. जॉन मात्र वरच्या मजल्यावर अडकले. जिना पेटला होता. तेव्हां एक मनुष्य दुसऱ्याच्या खांद्यावर चढला आणि त्यानें खिडकींतून मुलास ओढून घेतलें. लगेच छप्पर कोसळलें. देवानें हें मूल कांहीं विशेष कार्यासाठीं राखिलें आहे, अशी मातेची दृढ समजूत झाली.

पुढें ऑक्सफर्ड येथें शिकून ते धर्मोपदेशक झाले व १७२६ सालीं लिंकन कॉलेजचे फेलो निवडले गेले. बंधु चार्ल्स व कांहीं मित्र यांसह ते नेमानें उपवास, प्रार्थना व शास्त्राध्ययन करीत आणि तुरुंगांतील कैद्यांचा समाचार घेत. या काटेकोर शिस्तीमुळें लोक थट्टेनें त्यांस मेथॉडिस्ट म्हणजे पद्धतवाले म्हणूं लागले. इतकें असूनही त्यांच्या अंतःकरणास स्वस्थता नव्हती.

१७३५ च्या अखेरीस ते अमेरिकेंतील जॉर्जिया वसाहतींत धर्मकार्यासाठीं निघाले. त्याच जहाजावर मोरेव्हियन पंथाचे कांहीं जर्मन लोक होते. इतर उतारूंचीं हलकीं कामें ते आनंदानें करीत व अपमान मुकाट्यानें सोशीत. ता. २५ जानेवारी १७३६ रोजीं भयंकर तुफान झालें. जर्मन लोकांची उपासना नुकतीच सुरू झाली होती. तोंच एक प्रचंड लाट जहाजावर आदळली, मुख्य शीड फाटलें आणि पाणी आंत घुसलें. इंग्रज उतारू किंकाळ्या फोडूं लागले. परंतु जर्मन लोकांचें गाणें थांबलें नाहीं. तुफान शमल्यावर वेस्लींनीं त्यांच्यापैकीं एकास विचारिलें, तेव्हां त्यांच्या बायकामुलांनाही मरणाचें भय वाटलें नाहीं, असें समजलें. स्वतः वेस्ली मात्र भ्याले होते. इतरांस उपदेश करणाऱ्या आपल्याजवळ ही श्रद्धा नाहीं, ही जाणीव त्यांस बोचूं लागली.

जॉर्जियांत त्यांस यश आलें नाहीं. १७३८ सालीं ते खिन्न मनानें परतले. लंडनमध्यें पीटर बोलर या मोरेव्हियन उपदेशकाशीं त्यांचा वारंवार संवाद झाला. त्या वर्षीं ता. २४ मे रोजीं सायंकाळीं ते आल्डर्सगेट रस्त्यावरील एका सभेस गेले, तेही मनाविरुद्धच. तेथें ल्यूथरची रोमकरांस पत्राची प्रस्तावना वाचली जात होती. ती ऐकतां ऐकतां त्यांची खात्री झाली कीं, तारण आपल्या कष्टांनीं मिळत नाहीं. ख्रिस्तानें आपल्याही पापांचें ओझें उचललें आहे. यानंतरही शंकांनीं त्यांस पुन्हां गांठलें. परंतु आतां कोणाकडे वळावें हें त्यांस ठाऊक होतें.

या श्रद्धेची कसोटी लवकरच लागली. १७३९ पासून ते उघड्या मैदानांत उपदेश करूं लागले. १७४३ च्या ऑक्टोबरांत वेन्सबरी येथें एका क्रुद्ध जमावानें त्यांस पकडलें व पावसांत, अंधारांत, कित्येक तास ओढीत नेलें. ठार मारण्याची ओरड चालली होती. वेस्ली मोठ्यानें प्रार्थना करूं लागले, तेव्हां जमावाच्या म्होरक्याचेंच मन पालटलें आणि त्यानें त्यांस सुखरूप बाहेर काढलें. अंगरख्याचा एक तुकडा व हाताची थोडी कातडी, एवढेंच त्यांचें नुकसान झालें. जहाजावर भ्यालेले हेच गृहस्थ या प्रसंगीं, आपल्या खोलींत वाचीत बसावें तसे, स्थिरचित्त होते.

पुढें जवळजवळ पन्नास वर्षें ते बहुधा घोड्यावरून इंग्लंडभर फिरत राहिले. मरणाच्या सहाच दिवस आधीं त्यांनीं विल्बरफोर्स यांस गुलामगिरीविरुद्धच्या लढ्यांत धीर देणारें पत्र लिहिलें. ता. २ मार्च १७९१ रोजीं, वयाच्या ८७ व्या वर्षीं, मित्रांच्या सान्निध्यांत त्यांनीं शांतपणें देह ठेविला.

विद्यार्थिमित्रहो, वेस्लींचे नेम चांगले होते. पण नेमांनीं त्यांचें भय गेलें नाहीं. आपला भार प्रभूवर टाकल्यावरच तें ओसरूं लागलें. वादळें तुम्हांवरही येतील. त्या वेळीं जहाजावरील त्या गाणाऱ्या मंडळीचें स्मरण ठेवा.