गाठ अंडाशयात, मूळ जठरात

मिरजेत डॉ. विल्यम वान्लेस यांचे रुग्णालय १८९४ मध्ये सुरू झाले. त्यानंतर दोनच वर्षांनी, जर्मनीतील मारबुर्ग येथे पंचविशीतल्या एका डॉक्टरने अंडाशयाच्या एका वेगळ्या गाठीचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याचे नाव फ्रीडरिश क्रुकेनबर्ग. आज मिरजेपासून साताऱ्यापर्यंत कुठल्याही पॅथॉलॉजी अहवालात हे नाव भेटू शकते.

क्रुकेनबर्ग यांचा जन्म १८७१ मध्ये हाले शहरात झाला. मारबुर्गला विख्यात विकृतिशास्त्रज्ञ फेलिक्स मार्शांद यांच्या हाताखाली काम करताना त्यांनी या गाठी सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. पेशी चिकट द्रवाने फुगलेल्या आणि केंद्रक कडेला सरकलेले, जणू खड्याची अंगठी. हे निरीक्षण अचूक होते, पण निष्कर्ष चुकला. हा अंडाशयातच उगम पावणारा नवा कर्करोग आहे, असे त्यांनी मानले.

१९०२ मध्ये व्हिएन्नाच्या श्लागेनहॉफर यांनी दाखवून दिले, की अशा गाठींचे मूळ बहुधा जठरासारख्या दुसऱ्या अवयवात असते. क्रुकेनबर्ग तोवर नेत्रविकाराकडे वळले होते. पारपटलाच्या मागील बाजूस साचणाऱ्या तपकिरी रंगकणांच्या उभ्या रेषेचे वर्णन त्यांनी १८९९ मध्ये केले. तिलाही त्यांचेच नाव आहे. १९४६ मध्ये त्यांचे निधन झाले. निष्कर्ष दुरुस्त झाला, गाठीचे नाव मात्र तेच राहिले.

ही दुरुस्ती रुग्णासाठी फार मोलाची आहे. पोट फुगते, ओटीपोटात दुखते, सोनोग्राफीत दोन्ही अंडाशयांवर गाठी दिसतात. घरचे म्हणतात, गाठ काढून टाका, म्हणजे प्रश्न मिटला. पण मूळ जठरात, मोठ्या आतड्यात, अपेंडिक्समध्ये किंवा स्तनात असेल, तर केवळ अंडाशय काढून आजार संपत नाही. म्हणून भूक मंदावणे, थोडे खाताच पोट भरणे, वजन घटणे, शौचातून रक्त जाणे किंवा पूर्वीचा कर्करोग या गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. गरजेनुसार सीटी स्कॅन, दुर्बिणीतून जठराची व आतड्याची तपासणी आणि बायोप्सी केली जाते.

मग शस्त्रक्रिया निरर्थक ठरते का? नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग अंडाशयापुरताच पसरला असेल, तर मूळ गाठीसोबत दोन्ही अंडाशये काढल्याने फायदा होऊ शकतो. कारण तेथील गाठी केमोथेरपीला अनेकदा नीट दाद देत नाहीत. जठराच्या कर्करोगात मुख्य भर औषधांवर असतो. दिसणारा सगळा आजार काढता येण्याजोगा असेल, अशा निवडक रुग्णांतच मोठ्या शस्त्रक्रियेचा विचार होतो. कधी गाठ फार मोठी होऊन वेदना किंवा आतड्यावर दाब निर्माण करते. तेव्हा ती काढण्याचा हेतू आराम देणे हा असतो, आणि तो नातेवाइकांना आधीच स्पष्ट सांगायला हवा.

हा निर्णय शल्यविशारद, स्त्रीरोगतज्ज्ञ आणि कर्करोगतज्ज्ञ यांनी मिळून घ्यावा. दोन्ही अंडाशयांत गाठी आढळल्या, तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: ही गाठ इथलीच आहे, की दुसरीकडून आलेली?