डेनिस रिची: सी भाषेचे जनक आणि माझा भरकटलेला पॉइंटर

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रॅक्टिकलच्या परीक्षेत माझा सीचा प्रोग्राम कंपाइल झाला, पण रन केला की सेगमेंटेशन फॉल्ट! मार्क गेले. मुलुंडला घरी जाताना लोकलमध्ये ही भाषा बनवणाऱ्याला मी मनातल्या मनात खूप बोलले. नंतर त्यांच्याबद्दल वाचलं आणि राग गेला.

डेनिस रिची यांचा जन्म 9 सप्टेंबर 1941 रोजी न्यूयॉर्क राज्यातल्या ब्रॉन्क्सव्हिल इथे झाला. वडील बेल लॅब्समध्ये शास्त्रज्ञ. हार्वर्डमध्ये फिजिक्स शिकून 1967 मध्ये रिचीही तिथेच लागले. सहकारी केन थॉम्पसन यांची 'बी' नावाची भाषा होती. तीच वाढवत 1972 च्या सुमारास रिचींनी सी घडवली. मग त्यात स्ट्रक्चर आलं, म्हणजे नाव, रोल नंबर, मार्क अशी वेगवेगळी माहिती एकाच गठ्ठ्यात. 1973 मध्ये युनिक्सचा कर्नल सीमध्ये नव्याने लिहिला गेला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनमधला लिनक्स कर्नलही मुख्यतः सीमध्येच आहे.

सी वेगवान आहे, कारण ती प्रोग्रॅमरवर विश्वास टाकते. माझी चूक इथेच झाली. पॉइंटर म्हणजे पत्त्याची चिठ्ठी. फंक्शनच्या आत नुसता पॉइंटर डिक्लेअर केला तर चिठ्ठी कोरी नसते, तिच्यावर काहीतरी जुनं खरडलेलं असतं. पार्सल घाटकोपरचं आणि चिठ्ठीवर बोरिवलीच्या कुणाचा तरी पत्ता! कधी प्रोग्राम बंद पडतो, तर कधी दुसराच डेटा गुपचूप बिघडतो.

उपाय सोपा आहे:
1. पॉइंटर डिक्लेअर करतानाच त्यात नल टाका.
2. वापरण्याआधी मॅलॉकने जागा घ्या आणि ती मिळाली का ते तपासा.
3. स्ट्रक्चरच्या आत नावासाठी आणखी एक पॉइंटर असेल, तर त्यालाही वेगळी जागा द्या. मी हेच विसरले होते.
4. काम झालं की फ्री करा आणि पॉइंटर पुन्हा नल करा.

1978 मध्ये ब्रायन कर्निगन यांच्यासोबत रिचींचं सीवरचं प्रसिद्ध पुस्तक आलं. 1983 मध्ये थॉम्पसन यांच्यासह ट्युरिंग पुरस्कार मिळाला. ऑक्टोबर 2011 मध्ये, स्टीव्ह जॉब्स गेल्यानंतर आठवड्याभरात, रिची न्यू जर्सीतल्या घरी मृतावस्थेत आढळले. जॉब्सची बातमी सगळीकडे झाली, रिचींची फार थोड्यांना कळली. पण जॉब्सच्या आयफोनच्या मुळाशीही युनिक्स आणि सीच आहे.

आता पॉइंटर लिहिला की माझा हात आपोआप नल टाईप करतो.